टस्कनीतली डोंगरगावं : आईबाबा, मुलं आणि एक गाडी

पायवाट

मे महिन्यात इटलीतल्या टस्कनीला जाऊन आलो. मी, नवरा, दोन मुलं (मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची) आणि माझे आईबाबा. दोघंही सत्तरीच्या पुढचे. आईला गुडघेदुखी आहे. बाबांची वाळवा तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि त्यांची नजर कुठेही गेली तरी आधी शेताकडे जाते. निघण्याआधी मराठीत शोधलं तेव्हा फ्लॉरेन्स आणि पिसाच्या पलीकडचं फार थोडं सापडलं, म्हणून हा धागा काढतेय. तीन पिढ्या घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा.

मुख्य म्हणणं आधीच लिहून टाकते. डोंगरगावं बघायची तर थोडी निवडा आणि तिथेच मुक्काम करा. सहलींच्या बसेस सकाळी उशिरा येतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत परततात. मधल्या वेळात सान जिमिन्यानोच्या मुख्य रस्त्यावर गर्दी तुम्हाला ढकलत नेते, दुसरं काही दिसत नाही. संध्याकाळी तेच गाव निराळं असतं. चौकातल्या विहिरीच्या पायऱ्यांवर गावातली पोरं येऊन बसतात, दुकानदार शटर ओढता ओढता शेजाऱ्याशी बोलत उभा राहतो. ती विहीर १२७३ सालची आहे आणि १३४६ मध्ये ती मोठी केली. तिच्या काठाच्या दगडावर दोरांनी पाडलेल्या खाचा बघत आई बराच वेळ बसली होती.

आम्ही दोन मुक्काम केले. पहिला सान जिमिन्यानो आणि वोल्तेर्राच्या मधल्या टेकड्यांवर, दुसरा दक्षिणेला वाल दोर्चा या खोऱ्यात, पिएन्झाच्या जवळ. दोन्ही ठिकाणी शेतावरच्या घरात राहिलो. तिथे याला आग्रितुरिझ्मो म्हणतात.

सान जिमिन्यानोत एकेकाळी ७२ मनोरे होते असं सांगतात, आज १४ उभे आहेत. श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी ते बांधले. पैसा व्यापारातून आला, विशेषतः केशराच्या. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा रस्ता, व्हिया फ्रांचिजेना, गावातूनच जायचा. मग १३४८ ची प्लेगची साथ आली, निम्म्याहून अधिक गाव गेलं, आणि १३५३ मध्ये उरलेल्यांनी फ्लॉरेन्सचं आधिपत्य स्वीकारलं. त्यानंतर मनोरे पाडून नवे वाडे बांधायला कुणाकडे पैसाच राहिला नाही, म्हणून जुनं तसंच टिकलं. मुलाला हे उंच मनोऱ्यावर, तोर्रे ग्रोस्सावर, चढून गेल्यावर सांगितलं. ५४ मीटर उंचीवरून खालची छपरं बघत त्यानं विचारलं, "म्हणजे गरीब झाले म्हणून वाचलं?" अगदी तसंच आहे.

वोल्तेर्रा मला सगळ्यांत जास्त आवडलं. ते कडक आहे, वाऱ्याचं आहे, नटलेलं नाही. एत्रुस्कन लोकांचं हे शहर रोमच्या भरभराटीआधीचं. त्यांच्या वेशीची कमान, पोर्ता आल्लार्को, अजून वापरात आहे. तिच्यावर तीन दगडी मुंडकी आहेत, झिजून त्यांचे चेहरे नाहीसे झालेत. १९४४ च्या जून अखेरीस माघार घेणारं जर्मन सैन्य ही वेस उडवणार होतं. गावकऱ्यांनी रस्त्याच्या फरशा उखडून एका दिवसात वेशीचं तोंड बुजवलं, म्हणजे पुढे येणाऱ्या दोस्त सैन्याला ती वाट वापरता येणार नाही आणि वेस पाडायचं कारणच उरणार नाही. वेस वाचली. बाबांनी तिथल्या दगडाला हात लावून नमस्कार केला.

बाकी प्रतिसादांत लिहिते. विचारा.

रानमोगरा

फार छान लिहिलंयस पायवाट. आम्ही पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय, आम्हीही सहाच जण. पहिला प्रश्न गाडीचा. सहा माणसं आणि सामान कशात बसवलं? आणि आपला परवाना चालतो का?

पायवाट

सात आसनी गाडीत मागची रांग उघडली की डिकी संपते. सहा माणसांच्या बॅगा कुठेच जात नाहीत. आम्ही नऊ आसनी व्हॅन घेतली. चालक धरून नऊ जणांपर्यंतची गाडी साध्या कार परवान्यावर चालवता येते. गावांच्या गल्ल्यांत ती शिरणार नाही, पण तशीही कुठलीच गाडी आत न्यायची नसते. तटाबाहेर लावायची आणि चालत जायचं.

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतूनच मिळतो, एक वर्ष चालतो. मूळ परवानाही जवळ हवा. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, हवी असेल तर खूप आधी सांगून ठेवा. दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांच्या मापाची सीट सक्तीची आहे. आमच्या मुलालाही बूस्टर लागलं.

दूरदेशी

मी मिलानोला राहतो, टस्कनीत वरचेवर जाणं होतं. गाडीबद्दल थोडी भर.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे झेड-टी-एल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाच्या गाभ्यात तो असतो. पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा आणि खाली 'झोना ट्राफिको लिमितातो' असं लिहिलेलं. पोलीस उभा नसतो, कॅमेरा नंबरपाटी टिपतो. दिव्याच्या पाटीवर 'वार्को आत्तिवो' दिसलं तर आत जायचं नाही. 'नोन आत्तिवो' असेल तरच जाता येतं. दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी घरी येते, गाडी देणारी कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवण्याचे वेगळे पैसे लावते, आणि दोनदा शिरलात तर दोन दंड. मुक्काम तटाच्या आत असेल तर हॉटेलला गाडीचा नंबर आधी कळवा, ते नोंद करून देतात. नकाशाचं ॲप याबाबत नेहमी सावध करत नाही, पाटी आपणच वाचायची.

पार्किंगच्या रेषा: पांढरी फुकट, निळी पैशाची, पिवळी राखीव. पांढऱ्या जागेतही वेळेची मर्यादा असू शकते. तिथे पुठ्ठ्याची घड्याळाची चकती काचेमागे ठेवून आल्याची वेळ लावायची. चकती बहुतेक भाड्याच्या गाड्यांत असते, नसेल तर तंबाखूच्या दुकानात मिळते.

टोलनाक्यावर पिवळ्या 'टेलेपास'च्या रांगेत जाऊ नका, ती यंत्र बसवलेल्यांसाठी असते. फ्लॉरेन्स-सिएना रस्त्याला टोल नाही. पेट्रोलपंपावर 'सेर्वितो' लिहिलेल्या नळीवर माणूस भरून देतो आणि दर जास्त असतो. 'फाई दा ते' म्हणजे आपण भरायचं. बेंझिना म्हणजे पेट्रोल, गाझोलियो म्हणजे डिझेल. रविवारी आणि दुपारी पंपावर माणूस नसतो, यंत्रात आधी नोट किंवा कार्ड घालावं लागतं. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट लावणं बंधनकारक आहे.

कोकणकडा

मी थोडं वेगळं मत मांडतो. वयस्क माणसं बरोबर असताना उजव्या बाजूनं, घाटवळणाच्या रस्त्यावर, अनोळखी गाडी चालवणं हा ताण आहे. आम्ही फ्लॉरेन्सला राहिलो. सिएनाला बस, अरेत्सो आणि कोर्तोनाला रेल्वे, सान जिमिन्यानोला पोज्जिबोन्सीला उतरून बस. कुणाच्याही डोक्यावर चक्राकार चौकाचं ओझं नव्हतं. आणि संध्याकाळी फ्लॉरेन्समध्ये करायला भरपूर असतं.

पायवाट

कोकणकडा, तुमचं म्हणणं फ्लॉरेन्सच्या बाजूच्या गावांपुरतं मला पटतं. वाल दोर्चा मात्र गाडीशिवाय होत नाही. पिएन्झा, मोन्ताल्चिनो, सान क्विरिको यांच्यामध्ये बसेस आहेत पण फेऱ्या मोजक्या, रविवारी आणखी कमी. आणि तिथे गावांइतकंच गावांमधलं अंतर बघायचं असतं. पिएन्झाहून मोन्तेपुल्चानो चौदा-पंधरा किलोमीटर. त्या रस्त्यावर आम्ही इतक्या वेळा थांबलो की अर्धा दिवस गेला.

ताणाबद्दल: पहिला दिवस फक्त मोकळ्या रस्त्यावर सराव करायचा असं ठरवलं होतं. नवरा गाडी चालवणार, मी फक्त पाट्या वाचणार, मागच्यांनी चौक येताना बोलायचं नाही. ही शिस्त मुलांनी सर्वांत काटेकोर पाळली.

हिरवा चाफा

खाण्याचं सांग ना. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. तिकडे सगळीकडे रानडुकराचं मटण आणि सॉसेज असं वाचलं, धास्ती वाटते.

पायवाट

चाफा, धास्ती नको, पण विचारायचा कंटाळा करायचा नाही.

अंडं न खाणाऱ्यांसाठी सिएना भागातली 'पिची' ही सर्वांत भरवशाची. हातानं वळलेल्या जाड शेवया, मूळ रीत नुसतं पीठ आणि पाणी. तरी 'सेन्झा उओवो?' म्हणून खात्री करा, कारण काही ठिकाणी पिठात अंडं घालतात. त्यावर 'आल्ल-आल्योने' मागायचं: वाल दि कियानातला मोठ्या पाकळ्यांचा सौम्य लसूण आणि टोमॅटो. आईनं ते चार ठिकाणी खाऊन चवींची तुलना केली. ताल्यातेल्ले वगैरे पट्ट्यांच्या पास्त्यात अंडं असतं, ते टाळा. शिळ्या पावाचे पदार्थ तिथल्या गरीब घरांची देणगी आहेत: पाप्पा आल पोमोदोरो (पाव आणि टोमॅटो, दाट शिजवलेलं), पान्झानेल्ला (भिजवलेला पाव, काकडी, कांदा, तुळशीच्या जातीचा बाझिलिको), रिबोल्लिता (पांढऱ्या घेवड्याची आणि काळ्या कोबीची पावाची आमटी). रिबोल्लितात कधी डुकराची चरबी किंवा मांसाचा अर्क असतो, त्यामुळे 'सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दि कार्ने' असं दोन्ही विचारायचं. नुसतं 'सेन्झा कार्ने' म्हटलं तर हॅमचे तुकडे येऊ शकतात. टस्कनीचा पाव अळणी असतो, मीठ घालतच नाहीत. बाबांना तो पहिल्या घासापासून आवडला, मुलांना शेवटपर्यंत नाही.

चीजबद्दल एक गोष्ट काटेकोर शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावी. पेकोरिनो आणि पार्मिजानो विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. 'काल्यो वेजेताले' लिहिलेलं पेकोरिनो मिळतं, ते वनस्पतीजन्य. पिएन्झाच्या दुकानांत विचारल्यावर दाखवतात.

शेतघरात स्वयंपाकघर होतं हा आमचा मोठा आधार. तांदूळ, मसूर, काबुली चणे तिथल्या कोणत्याही सुपरमार्केटात मिळतात. गोडा मसाला, पोहे, मूगडाळ, हिंग घरून नेलं. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूपही नाही. आईनं तिथलं अळणी लोणी आणून कढवलं. वासाने घरमालकीण आत आली, चमच्यानं चाखून तिनं कृती वहीत लिहून घेतली.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी साडेबारा ते अडीच, मग चुली बंद, रात्री साडेसातच्या आधी कुणी वाढत नाही. लहान मुलं असतील तर दुपारचं जेवण भरपेट आणि संध्याकाळी काहीतरी सोबत. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ते पावाचे आणि बैठकीचे. फसवणूक नव्हे, रीत आहे.

जुनी वही

बाबांनी द्राक्षबागा बघून काय म्हटलं ते ऐकायला आवडेल. आमचीही तासगावकडे बाग होती.

पायवाट

जुनी वही, हा प्रश्न आल्याचा खूप आनंद झाला, कारण बाबांचा अर्धा प्रवास त्यातच गेला.

मोन्ताल्चिनोच्या खाली एका बागेत मालकानं त्यांना ओळीओळीनं फिरवलं. भाषा येत नव्हती, दोघांचे हात बोलत होते. पहिला फरक: आपल्याकडे मांडव किंवा 'वाय' आकाराचा आधार, तिथे कमरेच्या उंचीच्या तारा. खायची द्राक्षं आणि वाईनची द्राक्षं यांच्यातला हा भेद. तिथे सान्जोवेझे जातीच्या एकेका वेलावर मुद्दाम थोडेच घड ठेवतात. बाबांना कमी मालावर एवढी मेहनत घेणं आधी पटेना. दुसरा फरक छाटणीचा. आपण एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या घेतो, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. तिथे हिवाळ्यात पानं गळतात, वेल काटकीसारखा सुकलेला दिसतो, आणि तेव्हा एकदाच छाटायचं. "याच्या वेलाला रजा मिळते," हे बाबांचं वाक्य.

ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले असतात. शोभेसाठी वाटतात, पण जुन्या पद्धतीत त्यांना काम होतं: भुरी आधी गुलाबावर दिसते आणि शेतकरी सावध होतो. मालकानं पानावर बोट फिरवून पांढरी पूड पडल्याची खूण केली आणि बाबा मराठीत म्हणाले, "भुरी!" त्याला शब्द कळला नाही, रोग कळला.

ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चिनो ही वाईन काढणीनंतर पाचव्या वर्षी जानेवारीत बाजारात येते, त्यातली किमान दोन वर्षं लाकडी पिंपात. एवढा काळ पैसा अडकवून बसायचं. खळ्यावरच दर ठरणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. परत येताना गाडीत ते बराच वेळ हिशेब करत होते.

ऑलिव्हची झाडं पाहिलीत तर बुंध्याकडे बघा. पुष्कळ ठिकाणी एका जागी तीन-चार खोडं फुटलेली दिसतात. १९८५ च्या जानेवारीत भयंकर गारठा पडला, टस्कनीतल्या लाखो झाडांची वरची खोडं मेली. मग ती जमिनीलगत कापली, मुळांतून नवे फुटवे आले. आज उभी आहेत ती बहुतेक त्यांचीच झाडं.

दूरदेशी

पायवाटच्या या प्रतिसादाला जोडून. तिथली एकटी-दुकटी शेतघरं, दोन बाजूंना सरू, मध्ये पांढरी वाट, हे चित्र सगळे टिपतात. त्या घरांत कोण राहत होतं ते माहीत असलं तर वेगळं दिसतं.

शतकानुशतकं इथे 'मेझ्झाद्रिया' होती. जमीन आणि घर मालकाचं, कष्ट कुळाच्या अख्ख्या कुटुंबाचे, पीक अर्धं अर्धं. आपल्या अर्धेलीसारखंच. घर शेतातच, कारण कुटुंबानं चोवीस तास शेताशी बांधलेलं राहावं ही मालकाची सोय. घरात किती माणसं राहतील, कुणाचं लग्न कधी होईल, यातही मालकाचा शब्द चालायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पन्नास-साठच्या दशकांत ही कुटुंबं कारखान्यांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्यानं नवे मेझ्झाद्रिया करार करायला बंदी आली. हजारो घरं ओस पडली, छपरं खचली. १९८५ मध्ये आग्रितुरिझ्मोचा राष्ट्रीय कायदा आला. शेतकऱ्याला पाहुणे ठेवता येतील, पण मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे, ही त्यातली अट. त्यामुळे आज आपण जिथे राहतो ते बहुधा एखाद्या कुळाचं घर असतं, आणि तळमजल्यावरची मोठी कमानीची खोली म्हणजे गोठा.

पायवाट

आमच्या दुसऱ्या मुक्कामाची मालकीण पंचाहत्तरीची होती, तिचा जन्म त्याच घरातला, मेझ्झाद्री कुटुंबातला. तिनं सांगितलं की हिवाळ्यात खालच्या बैलांच्या उबेमुळे वरची खोली राहण्याजोगी व्हायची. बाबांचे वडील कूळ होते, कूळकायद्यानं जमीन त्यांच्या नावावर झाली. मालकिणीच्या सुनेनं दुभाष्याचं काम केलं आणि दोघं म्हातारे अर्ध्या वाट्याबद्दल, खळ्यावर मालकाचा माणूस माप घालायला यायचा त्याबद्दल रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले. मी कॅथीड्रल विसरेन, हे बोलणं विसरणार नाही.

गवाक्ष

सिएनाला जाणार असाल तर पालाझ्झो पुब्ब्लिको या नगरभवनातली आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीची भित्तिचित्रं वाल दोर्चाला जायच्या आधी पाहा, नंतर नको. १३३८-३९ मध्ये त्यानं नगरसभेच्या खोलीच्या भिंतींवर चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम रंगवले. चांगल्या बाजूला वेशीतून बाहेर पडणारा रस्ता, टेकड्या, वेलींच्या ओळी, नांगर, मळणी, गाढवावर धान्य, खरेदीला शहरात येणारे शेतकरी. राज्य करणारे रोज ज्या खोलीत बसायचे तिथे त्यांना हे समोर दिसावं म्हणून. समोरच्या भिंतीवर वाईट कारभार: ओसाड शेतं, पेटलेली घरं. नऊ-दहा वर्षांत प्लेग आला. लोरेन्झेत्तीही त्यातच गेला असं मानतात.

पिएन्झात याच विचाराचं दुसरं टोक दिसतं. एनेआ सिल्व्हियो पिक्कोलोमिनी १४०५ मध्ये कोर्सिन्यानो नावाच्या खेड्यात जन्मला, १४५८ मध्ये पोप झाला (दुसरा पायस), आणि त्यानं बेर्नार्दो रोस्सेल्लिनोला बोलावून आपलं खेडं, म्हणजे आजचं पिएन्झा, आदर्श नगर म्हणून बांधायला घेतलं. चौक, चर्च, वाडा चार वर्षांच्या आत उभे राहिले. १४६४ मध्ये दोघंही वारले आणि गाव तिथेच थांबलं. चर्चची मागची बाजू उताराच्या भुसभुशीत जमिनीवर आहे, ती बांधल्यापासून खचते आहे. आत गेलात की फरशीचा कल पायांना जाणवतो.

रानमोगरा

वा! गवाक्ष, हे माझ्या यादीत नव्हतं, घातलं. पायवाट, काकूंच्या गुडघ्यांना कोणतं गाव झेपलं आणि कोणतं नाही?

पायवाट

पिएन्झा सर्वांत सोपं. डोंगरावर असूनही आतून जवळजवळ सपाट, तटावरची फिरायची वाट रुंद, बसायला बाक, समोर आमियाताचा डोंगर. मोन्तेरिज्जोनी तर इतकं लहान आहे की पार्किंगपासूनची एक चढण सोडली तर प्रश्न नाही. मुलांना तटावर चढून चालायला मिळतं, १४ बुरूज मोजायला मिळतात. इटालियन कवी दान्तेला हे बुरूज नरकातल्या राक्षसांसारखे वाटले होते, हे कळल्यावर मुलीनं प्रत्येकाला नाव दिलं.

सर्वांत अवघड मोन्तेपुल्चानो. मुख्य रस्ता पोर्ता आल प्रातोपासून वरच्या चौकापर्यंत चढतच जातो. छोटी बस वर जाते, आईबाबा तिनं गेले आणि आम्ही चालत. गावाखालचं सान ब्याजो हे देऊळवजा चर्च मोकळ्या हिरवळीवर आहे, १५१८ मध्ये काम सुरू झालेलं, मध-रंगाच्या त्रावेर्तिनो दगडाचं. तिथे गाडी जवळ जाते, आईनं तिथे निवांत वेळ घालवला. सिएना आणि कोर्तोनामध्ये वाहनतळापासून वर यायला सरकते जिने आहेत, त्यांची जागा आधी बघून त्याच वाहनतळावर गाडी लावा.

आणि बान्यो विन्योनी. गावाचा चौक म्हणजे गरम पाण्याचा मोठा आयताकृती हौद. जमिनीतून येतं तेव्हा पाणी पन्नास अंशांच्या आसपास असतं. आमियाता हा विझलेला ज्वालामुखी, त्याच्या पोटातल्या उष्णतेचं हे पाणी. चौकातल्या हौदात उतरायला बंदी आहे, पण तेच पाणी पुढे दगडी पन्हळींतून जुन्या गिरण्यांकडे वाहतं आणि तिथे पाय सोडून बसता येतं. आई दोन्ही संध्याकाळी तिथे बसली.

मुलांसाठी आणखी एक: वोल्तेर्राहून दक्षिणेला लार्देरेल्लो. जमिनीतल्या वाफेवर वीज निर्माण करायचा जगातला पहिला प्रयोग इथे १९०४ मध्ये झाला. आजही दऱ्यांतून चकचकीत वाफेचे नळ धावतात, थंड करायचे अजस्र मनोरे धुरकटतात. मुलगा विज्ञानवेडा आहे, त्याची या सहलीतली सर्वांत आवडती जागा हीच.

शिलेदार

धागा वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. मराठी माणसानं टस्कनीला जाताना दोन ठिकाणं माहीत असू द्यावीत.

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोन्तेस्पेर्तोलीजवळ मोन्तेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी फ्लॉरेन्सच्या उफीत्सी आणि इतर संग्रहालयांतली चित्रं तिथे आणून ठेवली होती: बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा', उच्चेल्लोचं सान रोमानोच्या लढाईचं चित्र, जोत्तोची मादोन्ना. उफीत्सीचे ग्रंथपाल चेझारे फाझोला आघाडीच्या मधून पायी चालत ती राखायला पोचले. १९४४ च्या उन्हाळ्यात आठवी भारतीय डिव्हिजन तिथे पोचली तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान त्या वाड्यात होते, आणि चित्रांवर पहारा त्यांचा होता. आज उफीत्सीत त्या चित्रांसमोर रांग असते. रांगेत उभं असताना हे आठवावं.

दुसरं मोन्तोने. हे टस्कनीच्या सीमेपलीकडे उंब्रियात, पण सान्सेपोल्क्रोहून तासाभराच्या आत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला, सोबतचे सगळे पडले. ते एकटे पुढे धावले, हातबॉम्बनं मशीनगन बंद पाडली, उरलेल्यांशी हातघाईनं लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभारली आहे. अरेत्सोच्या युद्धस्मशानातही भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत. जाणार असाल तर थांबा, फुलं वाहा.

पायवाट

शिलेदार, हे आधी माहीत असतं तर बाबांना नक्की नेलं असतं. आता त्यांना वाचून दाखवलं. माणगावकडे त्यांचे एक जुने मित्र आहेत, त्यांना फोन लावून बसलेत.

कोकणकडा

शिलेदार यांचे आभार. मोन्तोनेसाठी आता मलाही गाडी घ्यावी लागेल असं दिसतंय. पायवाट, मे सोडून दुसरा महिना चालेल का? मुलांच्या सुट्ट्या जूनच्या मध्यापर्यंतच असतात.

दूरदेशी

हिरव्या टेकड्या हव्यात तर एप्रिल अखेर ते मे. खसखशीच्या जातीची लाल फुलं मेमध्ये. जूनच्या मध्याला गहू सोनेरी होतो, जून अखेर-जुलैत कापणी, त्यानंतर सिएनाच्या दक्षिणेची चिकणमातीची जमीन उघडी पडते, तपकिरी आणि भेगाळलेली. तीही पाहण्यासारखी असते, पण फोटोतल्या हिरव्याची अपेक्षा ठेवू नका. जुलै-ऑगस्टचं ऊन वयस्क माणसांना सोसणार नाही, दगडी गावं संध्याकाळपर्यंत तापलेली राहतात. २ जुलै आणि १६ ऑगस्टला सिएनात घोड्यांची शर्यत, पालिओ, असते. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची तोडणी, नोव्हेंबरात ऑलिव्हचे घाणे.

रानमोगरा

माझा आराखडा असा झालाय: रोमला उतरून विमानतळावरच गाडी, थेट महामार्गानं कियुझीपर्यंत आणि तिथून पिएन्झाजवळ मुक्काम. मग सिएना करत उत्तरेला, वोल्तेर्राच्या बाजूला दुसरा मुक्काम. फ्लॉरेन्सच्या विमानतळावर गाडी परत देऊन ट्रामनं शहरात, शेवटी फ्लॉरेन्स गाडीशिवाय. मोन्तेगुफोनी वोल्तेर्राहून फ्लॉरेन्सला जाताना वाटेत. बरोबर?

पायवाट

उत्तम. दोनच बदल सुचवते. रोमला उतरल्या दिवशी रात्रीच्या विमानप्रवासानंतर अडीच तास गाडी चालवू नका, पहिली रात्र विमानतळाजवळ झोपा आणि सकाळी निघा. आणि शेतघर ठरवताना चार गोष्टी लेखी विचारून घ्या: तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का, डांबरी रस्त्यापासून कच्चा रस्ता किती लांब आणि कसा आहे, जवळचं दुकान किती किलोमीटरवर, आणि पोचायची वेळ रात्रीची असेल तर फाटकाशी कुणी येईल का. कच्च्या रस्त्यावर दिवे नसतात, फाटे बरेच असतात, म्हणून पहिल्या दिवशी तरी उजेडात पोचा.